वाचकांचे प्रश्न : सिबेलियसच्या हातून सुटलेले व्हायोलिन

फिनलंडचा संगीतकार ज्यां सिबेलियस याच्याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे या स्तंभाकडे जमली आहेत. एकाच कलावंताविषयीचे प्रश्न एकत्र घेतले तर उत्तरे एकमेकांना धरून राहतील आणि तेच तेच सांगावे लागणार नाही, म्हणून या वेळची सर्व जागा त्याच्यासाठी राखली आहे.

प्रश्न : माझी मुलगी चौदाव्या वर्षी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकू लागली. त्यासाठी ती दर शनिवारी लोकलने दादरला जाते. सुरुवातीला उशीर झाला, असे तिचे शिक्षक म्हणतात. सिबेलियसनेही साधारण याच वयात व्हायोलिन हाती घेतले होते, असे वाचनात आले. मग तो व्हायोलिनवादक का झाला नाही? वय आड आले का?
(एक पालक, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, आणि त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

सिबेलियसचा जन्म ८ डिसेंबर १८६५ रोजी हामेनलिना या लहानशा गावी झाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होते. वडील डॉक्टर होते. दुष्काळाच्या दिवसांत रुग्णांची सेवा करताना त्यांना टायफस झाला आणि १८६८ मध्ये ते वारले. मागे राहिली दोन लहान मुले, आईच्या पोटातले तिसरे आणि बरेचसे कर्ज. आई मुलांना घेऊन माहेरी राहिली. पियानोचे पहिले धडे मावशीने दिले, पण त्यात मुलाचे मन रमले नाही. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी गावातल्या लष्करी बँडच्या प्रमुखाकडे, गुस्ताव लेवांडर यांच्याकडे, व्हायोलिनची रीतसर तालीम सुरू झाली आणि या वाद्याने त्याला झपाटून टाकले. मोठा व्हायोलिनवादक व्हायचे, ही एकच आकांक्षा पुढची दहाएक वर्षे त्याच्या मनात होती. बहीण लिंडा पियानोवर, धाकटा भाऊ क्रिस्तियान चेलोवर आणि हा व्हायोलिनवर, असे तिघे भावंडे घरी एकत्र वाजवीत असत.

१८८५ मध्ये तो कायदा शिकायला हेलसिंकीला गेला. कायदा लवकरच सुटला. मार्टिन वेगेलियस यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेल्या संगीतसंस्थेत आधी मित्रोफान वासिलियेव आणि मग हेर्मान चिलाग यांच्याकडे त्याने व्हायोलिनचे शिक्षण घेतले. हीच संस्था आज सिबेलियस अकादमी म्हणून ओळखली जाते. त्यानंतर बर्लिनमध्ये एक वर्ष आणि मग व्हिएन्ना. तिथे रॉबर्ट फुक्स आणि कार्ल गोल्डमार्क यांच्याकडे तो रचनाशास्त्र शिकत होता, पण व्हायोलिनची आशा सुटली नव्हती. जानेवारी १८९१ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात जागा मिळावी म्हणून त्याने चाचणी दिली. परीक्षकांसमोर उभे राहताच त्याला विलक्षण दडपण आले आणि त्याची निवड झाली नाही. वादक म्हणून नाव कमावण्याचा मार्ग तिथे संपला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

तेव्हा वय आड आले, हे अर्धेच खरे. युरोपात एकल वादक म्हणून पुढे येणारी मुले पाचव्या-सहाव्या वर्षी हातात गज धरतात, आणि डाव्या हाताची बोटे त्या वयात जितकी सहज वळतात तितकी ती पंधराव्या वर्षी वळत नाहीत. आपल्या मुलीच्या शिक्षकांचे म्हणणे त्या अर्थाने बरोबर आहे आणि ते त्यांनी स्पष्टपणे सांगितले, हे चांगलेच केले. पण सिबेलियसच्या बाबतीत सभाभयाचाही मोठा वाटा होता. शिवाय कालेवाला या फिनिश महाकाव्यावर आधारलेल्या ‘कुलेर्वो’ या भव्य रचनेची बीजे व्हिएन्नातल्या त्याच महिन्यांत त्याच्या मनात रुजत होती. एप्रिल १८९२ मध्ये हेलसिंकीत ती सादर झाली आणि तो एका रात्रीत देशाचा संगीतकार ठरला. त्याच वर्षी जून महिन्यात आइनो यार्नेफेल्ट हिच्याशी त्याचे लग्न झाले.

हातून सुटलेले व्हायोलिन मात्र मनातून गेले नाही. त्याने आयुष्यात एकच कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लिहिला, आणि तो व्हायोलिनसाठीच लिहिला. ८ फेब्रुवारी १९०४ रोजी हेलसिंकीत स्वतः सिबेलियसच्या संचालनाखाली तो पहिल्यांदा वाजला. विली बुरमेस्टर या नामांकित वादकाला त्याने आधी शब्द दिला होता, पण पैशांची निकड असल्याने कार्यक्रम लवकर लावावा लागला आणि हेलसिंकीतले शिक्षक व्हिक्टर नोवाचेक यांना उभे करावे लागले. त्यांना तो भाग पेलला नाही. रचनाही लांबलेली होती. टीका झाली आणि सिबेलियसने ती रचना मागे घेऊन कठोरपणे छाटली. ऑक्टोबर १९०५ मध्ये बर्लिन येथे कारेल हालीर यांनी नवी आवृत्ती वाजवली. संचालन रिखार्ड श्ट्राउस यांचे होते. दुसऱ्यांदाही डावलला गेलेला बुरमेस्टर इतका दुखावला, की त्याने हा कॉन्चेर्टो जन्मभर वाजवला नाही. शेवटी ती रचना फेरेन्त्स वेचेई या मुलाला अर्पण झाली. तेराव्या वर्षीच त्याने ती जाहीर मैफलीत वाजवली होती. ज्या वयात सिबेलियसची तालीमही नीट सुरू झाली नव्हती, त्या वयात!

याच्या आरंभाचे चार-पाच क्षण आपल्या मुलीसह अवश्य ऐका. वाद्यवृंदातली व्हायोलिने म्यूट (आवाज दबवणारी छोटी पट्टी) लावून, अगदी हलक्या आवाजात, डी मायनरच्या स्वरांवर झुलत राहतात. ना ढोल, ना तुताऱ्या, ना मुख्य वादकाच्या आगमनाची लांबलचक तयारी. चौथ्या मात्रागटात एकटे व्हायोलिन त्या झुलत्या स्वरांवर अलगद उतरते, आणि तेही त्या सुरावटीशी किंचित घर्षण करणाऱ्या स्वरावर. थोडे थांबते, मग पुढे सरकते. ज्याने स्वतः गज फिरवला आहे आणि परीक्षकांसमोर ज्याचा हात थरथरला आहे, त्यालाच एकट्या वाद्याचा हा प्रवेश इतका उघडा आणि इतका निर्भय लिहिता येतो, असे मला नेहमी वाटते. पुढे याच भागात जिथे विषयांचा विस्तार अपेक्षित असतो, तिथे त्याने वाद्यवृंदाला गप्प बसवून सगळा विस्तार एकट्या वादकावर सोपवला आहे.

मुलीला एकल वादक व्हायचे असेल तर चौदावे वर्ष उशिराचे आहे, हे तिच्यापासून लपवू नये. वाद्यवृंद, लहान संच, अध्यापन, रचना या वाटा तिला आजही खुल्या आहेत. तिला एकटीने रियाझ करू देण्याबरोबरच दुसऱ्यांसोबत वाजवायला मिळेल, एवढे मात्र आपण पाहा. ठाण्यात एखादा पियानो शिकणारा मुलगा आणि चेलो शिकणारी मुलगी शोधणे कठीण असले, तरी अशक्य नाही.

प्रश्न : ‘फिनलांडिया’ हे फिनलंडचे राष्ट्रगीत आहे का? आणि सिबेलियसची घरची भाषा स्वीडिश होती, असे म्हणतात. मग तो फिनिश राष्ट्राचा संगीतकार कसा?
(निवृत्त शिक्षक, ऐरोली)

उत्तर : राष्ट्रगीत नाही. फिनलंडचे राष्ट्रगीत ‘मामे’ असून त्याची चाल फ्रेडरिक पाचियुस यांची आहे. ‘फिनलांडिया’ ही मुळात शब्दांविना लिहिलेली वाद्यवृंदरचना आहे. तिच्या मधल्या संथ भागाला व्ही. ए. कोस्केनिएमी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शब्द दिले, आणि ते गीत तिथल्या लोकांच्या मनात राष्ट्रगीताच्या शेजारीच बसले.

तिच्या जन्माची कथा मराठी वाचकाला परकी वाटू नये. फेब्रुवारी १८९९ मध्ये झार दुसरा निकोलस याने एका जाहीरनाम्याने फिनलंडची स्वायत्तता आवळली आणि वृत्तपत्रांवर बंधने कडक केली. आपल्याकडे त्याच्या दोनच वर्षे आधी ‘केसरी’तील लेखनासाठी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला होता, हे आठवले म्हणजे तिथल्या संपादकांवरचे दडपण समजते. नोव्हेंबर १८९९ मध्ये हेलसिंकीत पत्रकारांच्या निवृत्तिवेतन निधीच्या नावाने काही कार्यक्रम योजले गेले. निधी हे निमित्त होते. खरा हेतू वृत्तपत्रांना आधार देण्याचा होता, आणि ते सर्वांना ठाऊक होते. देशाच्या इतिहासातले प्रसंग रंगमंचावर सजीव चित्रांच्या रूपाने उभे केले गेले आणि त्यांना सिबेलियसने संगीत दिले. शेवटच्या चित्राचा विषय होता ‘फिनलंड जागे होते’. पुढच्या वर्षी ते संगीत सुधारून, स्वतंत्र रचना म्हणून, ‘फिनलांडिया’ झाले. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी निघालेल्या हेलसिंकीच्या वाद्यवृंदाने, रॉबर्ट कायानुस यांच्या संचालनाखाली, सिबेलियसचे संगीत युरोपभर नेले.

भाषेबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. घरी स्वीडिशच बोलली जात असे आणि दैनंदिनीही तो मोठेपणी स्वीडिशमध्येच लिहीत असे. पण आईने त्याला हामेनलिनातल्या फिनिश माध्यमाच्या शाळेत घातले. अशा शाळा तेव्हा नुकत्याच निघू लागल्या होत्या. आइनोचे माहेर फिनिश भाषेच्या चळवळीत अग्रभागी होते. १८९१ मध्ये त्याने लारिन पारास्के या लोकगायिकेच्या तोंडून जुन्या रूनी गायनाच्या (फिनिश लोककाव्य गाण्याच्या परंपरेच्या) चाली ऐकल्या आणि लग्नानंतर करेलिया प्रांतात जाऊन आणखी ऐकल्या. त्या चाली चार-पाच स्वरांच्या आत फिरतात आणि पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येतात. त्याने त्या जशाच्या तशा उचलून वापरल्या नाहीत, पण आपल्या सुरावटींची ठेवण त्यांच्यावरून घडवली. आपल्याकडेही घरची भाषा एक आणि कर्तृत्वाची दुसरी, अशी माणसे काही कमी नाहीत.

प्रश्न : इतका मोठा संगीतकार कर्जात कसा राहिला?
(बँक कर्मचारी, वाशी)

उत्तर : खर्चिक स्वभाव, उंची सिगार, मद्य आणि मित्रांसोबतच्या लांबलेल्या मेजवान्या ही कारणे होतीच, आणि त्यांचा भार आइनोने सोसला. पण दुसरे कारण आपल्या व्यवसायातल्या माणसाला अधिक पटेल. ‘व्हाल्स त्रिस्त’ ही त्याची छोटीशी रचना १९०३ मध्ये मेहुणा आर्विद यार्नेफेल्ट याच्या नाटकासाठी लिहिली गेली. तिचे हक्क त्याने अल्प रकमेला कायमचे विकून टाकले आणि पुढे ती जगभरच्या हॉटेलांतून आणि सभागृहांतून वाजत राहिली. शिवाय फिनलंड १९२८ पर्यंत स्वामित्वहक्कांच्या बर्न करारात नव्हते, त्यामुळे परदेशातल्या प्रयोगांचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचत नसत. १८९७ मध्ये विद्यापीठातली संगीतशिक्षकाची जागा त्याला मिळता मिळता कायानुस यांना गेली. त्याची भरपाई म्हणून सरकारने वार्षिक मानधन सुरू केले आणि ते पुढे तहहयात झाले. कर्ज पुरते फिटायला मात्र १९२० च्या दशकाची अखेर उजाडली.

प्रश्न : आम्ही नेरूळच्या खाडीकाठी राहतो आणि दर हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे थवे पाहतो. सिबेलियसला पाचव्या सिम्फनीतले सूर राजहंस पाहून सुचले, असे ऐकले. हे खरे की दंतकथा?
(पक्षिनिरीक्षक दांपत्य, नेरूळ)

उत्तर : अगदी खरे, आणि त्याच्याच हातची नोंद त्याला साक्ष आहे. २१ एप्रिल १९१५ च्या दैनंदिनीत त्याने लिहून ठेवले आहे की त्या सकाळी त्याने सोळा राजहंस पाहिले. ते बराच वेळ त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून उन्हाच्या धुरकट झोतात दिसेनासे झाले. हा त्याच्या आयुष्यातला फार मोठा अनुभव असल्याचेही त्याने नोंदवले. तो तेव्हा हेलसिंकीच्या उत्तरेला, यार्वेनपा येथे, तूसुला सरोवराजवळच्या आपल्या लाकडी घरात राहत होता. घराचे नाव पत्नीवरून ‘आइनोला’. १९०४ मध्ये हे कुटुंब तिथे राहायला गेले, आणि तो असेपर्यंत त्या घरात नळ बसवले गेले नाहीत, कारण नळांचा आवाज त्याला रचना करताना नको होता. त्या शांततेत पक्ष्यांचे आवाज किती दूरवरून ऐकू येत असतील, याचा अंदाज खाडीकाठी पहाटे उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाच यावा.

सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची, बहुधा अनेक भागांची मोठी रचना. या सिम्फनीच्या शेवटच्या भागात तंतुवाद्यांची धावपळ चालू असताना हॉर्न ही पितळी वाद्ये एक रुंद, वर-खाली झुलणारी सुरावट धरतात. दोन स्वर, मग मोठी उडी, पुन्हा परत, आणि हे अत्यंत सावकाश. पंखांची ती मंद उघडझाप आपण पाहिलेली आहे, म्हणून ही सुरावट कोणी दाखवून न देताही आपल्याला ओळखू येईल. ही सिम्फनी ८ डिसेंबर १९१५ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, पहिल्यांदा सादर झाली. त्या दिवशी देशाने उत्सव केला, पण त्याचे समाधान झाले नाही. १९१६ मध्ये त्याने ती बदलली आणि १९१९ मध्ये पुन्हा बदलली. चार भागांचे तीन झाले. आज आपण ऐकतो ती ही तिसरी आवृत्ती. मधल्या काळात फिनलंड स्वतंत्र झाले होते, यादवी युद्ध झाले होते आणि आइनोलाची झडतीही झाली होती.

प्रश्न : साठीनंतर सिबेलियसने तीस वर्षे काहीच लिहिले नाही, ते का? आठवी सिम्फनी त्याने खरोखर जाळली का? प्रतिभा आटली, असे म्हणायचे का?
(वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : ‘काहीच लिहिले नाही’ हे विधान आधी दुरुस्त करू या. सातवी सिम्फनी १९२४ ची. ‘तापिओला’ ही अरण्याच्या देवतेवरची रचना डिसेंबर १९२६ मध्ये न्यू यॉर्कला पहिल्यांदा वाजली. ती त्याची शेवटची मोठी रचना. त्यानंतरही थोडे लेखन झाले, आणि त्यात १९२९ मधल्या व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेल्या छोट्या रचना आहेत. त्याच्या अखेरच्या वाद्यरचनांत व्हायोलिनसाठीच्या रचना आहेत, याची दखल फारशी घेतली जात नाही.

आठवी सिम्फनी ही कल्पना नव्हती. बॉस्टनचे संचालक सेर्गेई कूसेवित्स्की यांना त्याने ती देण्याचे कबूल केले होते. १९३३ मध्ये पाउल फॉइक्ट या नकलकाराने पहिल्या भागाची स्वच्छ प्रत करून दिली, म्हणजे एक भाग तरी पुरा झाला होता. तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि वचने मागे घेतली गेली. पुढे १९४० च्या दशकात एके दिवशी त्याने हस्तलिखितांची एक टोपली भरून आणली आणि जेवणाच्या खोलीतल्या शेगडीत कागद टाकायला सुरुवात केली. ही हकीकत आइनोनेच सांगितली आहे. तिला ते पाहवेना, म्हणून ती खोलीतून निघून गेली. त्यानंतर नवरा शांत झाला आणि त्याची मनःस्थिती हळूहळू हलकी झाली, असेही तिनेच सांगितले. आठवी सिम्फनी त्याच कागदांत होती, असा अभ्यासकांचा तर्क आहे. उरलेल्या कच्च्या टिपणांतून काही मिनिटांचे संगीत २०११ मध्ये हेलसिंकीत योन स्टोरगोर्ड्स यांच्या संचालनाखाली वाजवले गेले. ते ऐकले की हात आटलेला नव्हता, याची खात्री पटते.

मग काय झाले? हातांचा कंप वाढला होता, आणि तो आवरण्यासाठी घेतलेल्या मद्याने लिहिण्याची घडी मोडत होती. इंग्लंड आणि अमेरिकेत त्याची कीर्ती इतकी वाढली होती, की पुढची रचना सातव्या सिम्फनीपेक्षा आणि ‘तापिओला’पेक्षा थोर असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. पण मला सर्वांत वजनदार वाटणारे कारण जुनेच आहे. कॉन्चेर्टो मागे घेऊन छाटणारा आणि पाचवी सिम्फनी तीनदा लिहिणारा माणूस वयानुसार स्वतःवर अधिकच कडक होत गेला. घशातील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर, १९०८ पासून काही वर्षे मद्य आणि सिगार सोडून, मृत्यूच्या भीतीत लिहिलेली चौथी सिम्फनी ऐकावी. तिच्यात एक स्वरही शोभेसाठी ठेवलेला नाही. अशा कसोटीला आठवी उतरली नसेल, तर ती प्रसिद्ध करण्यापेक्षा जाळणे त्याला सोपे गेले असावे. ही प्रतिभा आटण्याची गोष्ट आहे, असे मला वाटत नाही. रसिक म्हणून आपले नुकसान झाले, हे मात्र निर्विवाद आहे.

२० सप्टेंबर १९५७ रोजी एक्याण्णवाव्या वर्षी आइनोला येथेच तो वारला. त्याच संध्याकाळी हेलसिंकीत इंग्रज संचालक माल्कम सार्जंट त्याची पाचवी सिम्फनी वाजवून घेत होते. आइनो त्यानंतर बारा वर्षे जगली. दोघांची समाधी घराच्या बागेतच आहे आणि १९७४ पासून ते घर संग्रहालय म्हणून खुले आहे.

प्रश्न : पाश्चात्त्य संगीताचा कान नसलेल्याने सिबेलियस कुठून ऐकायला सुरुवात करावी?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, कळवा)

उत्तर : ‘फिनलांडिया’ने करू नये, असे माझे मत आहे. ती थोर आहे, पण तिच्यामुळे सिबेलियस म्हणजे नगारे आणि तुताऱ्या, असा ग्रह होतो. आधी ‘त्वोनेलाचा राजहंस’ ऐका. त्वोनेला म्हणजे फिनिश पुराणकथांतला मृतांचा प्रदेश. ती सुमारे नऊ-दहा मिनिटांची रचना आहे आणि इंग्लिश हॉर्न या वाद्याची (हे पितळी हॉर्न नव्हे, ओबोच्या जातीचे फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य) संथ आळवणी तिच्यात सलग चालते, त्यामुळे आलाप ऐकलेल्या कानाला ती सहज जवळची वाटेल. मग व्हायोलिन कॉन्चेर्टो. याशा हायफेट्झने १९३५ मध्ये टॉमस बीचम यांच्यासह केलेले ध्वनिमुद्रण जुने असले, तरी आजही अंगावर येते. लिओनिदास कावाकोसने ओस्मो वान्स्का आणि लाहतीच्या वाद्यवृंदासह १९०४ ची मूळ आणि १९०५ ची सुधारलेली, अशा दोन्ही आवृत्त्या वाजवल्या आहेत. त्या लागोपाठ ऐकल्या तर सिबेलियसने काय कापले आणि का कापले, हे पुस्तकाशिवाय समजते. मूळ आवृत्तीच्या पहिल्या भागात एकट्या व्हायोलिनचा आणखी एक लांब प्रसंग आहे. तो सुंदर आहे, आणि तरीही त्याने तो काढला. त्यानंतर दुसरी आणि पाचवी सिम्फनी. चौथीकडे घाईने जाऊ नये.

प्रत्यक्ष मैफलीसाठी नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवावे. २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथलाच आहे. कार्यक्रम रात्री संपतो, म्हणून कळव्याला परतण्यासाठी शेवटच्या धीम्या लोकलची वेळ आधीच पाहून ठेवावी.